अपंग वारसाचा जमिनीतील हिस्सा : कायदा काय सांगतो

कृषी विभागाच्या पत्रिकेत बियाणे, खते, पीकसंरक्षण यांची माहिती यावी अशी वाचकांची अपेक्षा असते. जमिनीच्या हक्कासंबंधीचा कायदा येथे कशासाठी, असा प्रश्न काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, ठिबक संचाचे अनुदान, पीक कर्ज, पीक विमा, अतिवृष्टीची भरपाई किंवा नव्याने दिला जाणारा शेतकरी ओळख क्रमांक यांपैकी कोणतीही गोष्ट घ्यावयाची तर पहिला कागद सात-बाराचा लागतो. ज्याचे नाव त्या उताऱ्यावर नाही तो शासनाच्या लेखी शेतकरीच नाही. रावेर-यावलच्या केळीच्या मळ्यापासून शिंदखेड्याच्या कोरडवाहू बाजरी-कापसापर्यंत, गावोगावी अशी काही माणसे आहेत की, ज्यांचा जमिनीत पूर्ण हिस्सा असूनही नाव मात्र उताऱ्यावर नाही. त्यांत अपंग व्यक्तींचे प्रमाण लक्षात येण्यासारखे असते. (शासकीय कागदपत्रांत हल्ली 'दिव्यांग' हा शब्द वापरला जातो, जुन्या कायद्यांत व लोकांच्या तोंडी 'अपंग' हा शब्द आहे. या लेखात दोन्ही एकाच अर्थाने आले आहेत.)

हे घडते कसे ते पाहू. घरातील कर्ता पुरुष वारतो. वारसनोंदीसाठी अर्ज दिला जातो. धाकटा भाऊ जन्मतः मूकबधिर असतो किंवा बहीण अंध असते, आणि वारसांच्या यादीत त्यांचे नाव लिहिलेच जात नाही. काही ठिकाणी नाव येते, पण ते कब्जेदार सदरी न येता 'इतर हक्क' या सदरात 'पोटगी' म्हणून येते. यामागे दरवेळी लबाडीच असते असे नाही. "त्याच्याने शेत होणार नाही, आम्ही त्याला जन्मभर सांभाळूच," असे भाऊ मनापासून म्हणतात, आणि पुष्कळ घरांत ते शब्द पाळलेही जातात. परंतु सांभाळणारा भाऊ वारल्यावर पुतण्यांच्या हाती कारभार जातो. मध्येच सुरत-नागपूर महामार्गासारख्या कामासाठी जमीन संपादित होते आणि मोबदला उताऱ्यावरील नावांप्रमाणे वाटला जातो. त्या वेळी तोंडी शब्दाला आधार उरत नाही. पोटगी हे दुसऱ्याच्या मर्जीवर चालणारे अन्न होय आणि हिस्सा ही स्वतःची मालमत्ता होय. या दोहोंतील फरक गावपातळीवरील कार्यकर्त्यास स्पष्ट ठाऊक असला पाहिजे.

जुनी समजूत आणि तिचा शेवट

'आंधळ्या-पांगळ्याला वाटा नसतो, पोटगी असते' ही समजूत हवेतून आलेली नाही. जुन्या हिंदू धर्मशास्त्रात तसा नियम होता. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात जन्मांध, बधिर, मुका, वेडा इत्यादींना वारशातून वगळले असून त्यांना अन्नवस्त्र द्यावे असे सांगितले आहे. मिताक्षरेनेही तोच नियम पुढे चालविला; मात्र अशा व्यक्तीचा निर्दोष मुलगा हिस्सा घेऊ शके. इंग्रजी अमदानीतील न्यायालयांनी हा नियम मान्य केला, तरी तो शक्य तितका आवळून धरला. मुरारजी गोकुळदास विरुद्ध पार्वतीबाई या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने १८७६ साली असे ठरविले की, अंधत्व जन्मापासूनचे असेल तरच वारसा जातो, मागाहून आलेल्या अंधत्वाने जात नाही.

पुढे १९२८ साली मध्यवर्ती कायदेमंडळाने हिंदू वारसा (अपात्रता निवारण) अधिनियम केला. त्यायोगे जन्मतः वेडा किंवा जडबुद्धी असलेली व्यक्ती वगळता अन्य कोणासही केवळ रोग, व्यंग अथवा शारीरिक-मानसिक दोष यांमुळे वारशातून किंवा एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतील हिश्शातून वगळता येईनासे झाले. उरलेला अपवादही हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ याच्या कलम २८ ने वारशापुरता काढून टाकला. हा अधिनियम १७ जून १९५६ पासून अमलात आहे. कोणताही रोग, दोष किंवा विद्रूपता या कारणावरून कोणासही वारशास अपात्र ठरविता येणार नाही, असे त्या कलमाचे स्पष्ट सांगणे आहे. कुष्ठरोगाचाही त्यात समावेश होतो, हे मुद्दाम सांगावेसे वाटते. कारण कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या माणसास घराबाहेर आणि उताऱ्याबाहेर ठेवण्याचे प्रकार या रोगावर खात्रीचे औषध मिळाल्यानंतरही थांबलेले नाहीत.

म्हणजे जी समजूत आजही पारावर ऐकू येते ती कायद्याने बव्हंशी १९२८ साली व वारशापुरती पूर्णपणे १९५६ साली संपविली आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, अमळनेर तालुक्यातील एका शेतकऱ्याची स्वकष्टार्जित १० एकर जमीन आहे. तो मृत्युपत्र न करता वारला. मागे पत्नी, तीन मुलगे व एक मुलगी आहे. मुलांपैकी एक जन्मतः मूकबधिर असून मुलीस पोलिओमुळे चालता येत नाही. येथे वारस पाच, आणि प्रत्येकाचा हिस्सा २ एकर. मूकबधिर मुलाचा हिस्सा पोटगीपुरता नाही. मुलीचाही भावांइतकाच आहे. जमीन वडिलोपार्जित असती तर हिशेब थोडा वेगळा झाला असता. परंतु तेथेही मुलीला मुलाप्रमाणे जन्मसिद्ध हक्क २००५ च्या दुरुस्तीने मिळाला असून अपंगत्वामुळे तो कमी होत नाही.

या हिश्शासाठी अपंगत्वाचे प्रमाणपत्र लागत नाही, हेही लक्षात ठेवावे. पुष्कळ ठिकाणी 'आधी दाखला आणा, मग पाहू' असे उत्तर मिळते. वारसास वारस म्हणून हिस्सा मिळतो, अपंग म्हणून नव्हे. ज्या शासकीय योजनांत राखीव जागा असतात तेथे मात्र दाखला आवश्यक असतो. त्याविषयी पुढे येईल.

सातपुड्याच्या पायथ्याशी काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी एक भेद ध्यानात ठेवावा. हिंदू उत्तराधिकार अधिनियम अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही. शिरपूर, साक्री, चोपडा या तालुक्यांतील पावरा, भिल्ल, कोकणा इत्यादी समाजांत वारसा त्यांच्या रूढीप्रमाणे चालतो, म्हणून तेथे कलम २८ चा आधार सांगून चालणार नाही. तेथे पुढे दिलेल्या २०१६ च्या अधिनियमाचा आधार घ्यावा. तो जात, जमात, धर्म न पाहता सर्वांस लागू आहे. वनहक्काचा पट्टा विकता येत नाही, पण वारसाने मिळतो. त्यातही अपंग अपत्य वारसच असते. मुसलमान कायद्यात अपंगत्वामुळे वारसा जात नाही, तेव्हा त्या कुटुंबांत हा प्रश्न कायद्याचा नसून केवळ नोंदीचा असतो.

२०१६ चा अधिनियम

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. तत्पूर्वी १९९५ चा अधिनियम होता. त्यात नोकरी, शिक्षण व घरबांधणीसाठीच्या भूखंडांचा विचार होता, परंतु मिळकत बाळगण्याच्या हक्काविषयी स्वतंत्र कलम नव्हते. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारात अपंग व्यक्तीस मिळकत धारण करण्याचा व वारसाने घेण्याचा समान हक्क मान्य झाला. भारताने तो करार २००७ साली मान्य केला आणि तोच हक्क २०१६ च्या अधिनियमाच्या कलम १३ मध्ये आला. स्थावर-जंगम मिळकत बाळगणे, ती वारसाने घेणे, आपला आर्थिक व्यवहार स्वतः पाहणे, बँकेचे कर्ज मिळविणे व जमीन गहाण ठेवणे हे सर्व हक्क अपंग व्यक्तीस इतरांच्या बरोबरीने आहेत, आणि ते मिळतात की नाही हे पाहणे शासनाचे कर्तव्य आहे. तेव्हा 'खातेदार अंध आहे, सबब पीक कर्ज देता येणार नाही' असे कोणत्याही बँकेच्या शाखेस अगर सोसायटीस म्हणता येणार नाही.

याच कलमात एक बारीक पण फार उपयोगी तरतूद आहे. अपंग व्यक्तीस व्यवहारात जो मदत करतो त्याचा स्वतःचा स्वार्थ त्याच व्यवहारात असेल, तर त्याने त्या व्यवहारापुरती मदत करण्यापासून दूर राहिले पाहिजे. केवळ नाते आहे म्हणून स्वार्थ आहे असे धरले जात नाही. परंतु मूकबधिर भावाचा हक्कसोड लेख ज्या भावाच्या लाभात होत आहे, तोच भाऊ दुय्यम निबंधकासमोर खुणांचा अर्थ सांगत असेल तर ते या तरतुदीच्या विरुद्ध होय. अशा वेळी शाळेतील विशेष शिक्षक किंवा खुणांची भाषा जाणणारी त्रयस्थ व्यक्ती बोलवावी.

मात्र या अधिनियमाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. नाहीतर लोक नको त्या आशेने कचेऱ्यांचे उंबरे झिजवतील. कलम १३ चा भार मुख्यतः शासनावर आहे. एका भावाने दुसऱ्याचा हिस्सा दाबला तर त्यावरील खरा उपाय वाटपाचा दिवाणी दावा हाच आहे. तसेच बापाने आपल्या स्वकष्टार्जित जमिनीचे मृत्युपत्र करून ती सर्व धडधाकट मुलांच्या नावे केली, तर ते मृत्युपत्र केवळ अपंग मुलास वगळले म्हणून रद्द होत नाही. मालकाचे मृत्युपत्राचे स्वातंत्र्य मोठे आहे. म्हणूनच वडील हयात असतानाच त्यांच्याशी बोलणे, हे गावातील कार्यकर्त्याचे खरे काम आहे असे माझे मत आहे. नंतरचे काम वकिलाचे असते, आणि ते महाग पडते. या खर्चाबाबत इतके सांगता येईल की, विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ याच्या कलम १२ अन्वये अपंग व्यक्तीस मोफत कायदेविषयक साहाय्य मिळण्याचा हक्क आहे आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जळगाव व धुळे येथील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, किंवा तालुक्याच्या समितीकडे, त्यासाठी अर्ज करता येतो.

वारसनोंद : गळती येथे होते

जमीन महसूल संहिता, १९६६ याच्या कलम १४९ प्रमाणे वारसाने हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत तलाठ्यास (हल्लीचे पदनाम ग्राम महसूल अधिकारी) तोंडी किंवा लेखी कळवावयाचे असते. अर्जासोबत वारसांचे प्रतिज्ञापत्र दिले जाते. गळती होते ती याच कागदात. प्रतिज्ञापत्र थोरला मुलगा करतो, ग्रामपंचायतीकडील माहिती त्याच्याच सांगण्यावरून भरली जाते आणि पुढे वारस नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६-क मध्ये, तीच नावे उतरतात. कलम १५० प्रमाणे फेरफार लिहिल्यावर हितसंबंधितांस नोटीस निघते. पण ज्याचे नाव यादीतच नाही त्यास नोटीस कशी पोहोचणार? चावडीवर डकवलेली नोटीस अंध माणसास वाचता येत नाही, आणि हाळी दिली तर ती बहिऱ्यास ऐकू येत नाही. म्हणून वारसांची माहिती देताना कुटुंबाच्या शिधापत्रिकेतील व शाळेच्या दाखल्यांतील नावांशी यादी पडताळून पाहण्याची सवय प्रत्येक कार्यकर्त्याने लावून घ्यावी. दहा मिनिटांचे काम आहे.

हरकत आली तर प्रकरण तक्रार नोंदवहीत जाते व मंडळ अधिकारी त्याची चौकशी करतात. ही चौकशी अर्धन्यायिक स्वरूपाची असते, आणि २०१६ च्या अधिनियमाच्या कलम १२ अन्वये अशा प्राधिकाऱ्यापुढे अपंग व्यक्तीस भेदभावाविना आपले म्हणणे मांडता आले पाहिजे. मूकबधिर हरकतदार असेल तर खुणांची भाषा जाणणारा माणूस मिळावा अशी लेखी मागणी हरकतीसोबतच द्यावी. सुनावणीच्या दिवशी ती केल्यास तारीख पुढे जाते, दुसरे काही होत नाही.

नोंद चुकीची झाली असेल तर कलम २४७ खाली उपविभागीय अधिकाऱ्याकडे ६० दिवसांत अपील करता येते. मुदत टळली असली तरी सबळ कारण दाखविल्यास विलंब माफ होऊ शकतो. आपल्या नावे नोटीसच आली नव्हती हे सबळ कारण होय. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे फेरफाराची नोंद ही महसुलासाठी असते. तिने मालकी निर्माण होत नाही व नष्टही होत नाही. तीस वर्षांपूर्वी नाव गाळले गेले एवढ्याने अपंग भावाचा हिस्सा बुडत नाही. सहहिस्सेदाराचा ताबा हा कायद्याने सर्वांच्या वतीने असलेला ताबा मानला जातो, जोवर त्याने दुसऱ्याचा हक्क उघडपणे नाकारलेला नाही.

जुन्या उताऱ्यांवर 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर अशी नोंद पुष्कळदा आढळते. तिच्याआड भावंडांची नावे वर्षानुवर्षे झाकलेली राहतात. 'अ.पा.क.' ही नोंद अज्ञान मुलांसाठी असते. ते मूल सज्ञान झाल्यावर ती कमी करून स्वतंत्र नाव लागावयास हवे. मतिमंद वा मूकबधिर मुलाच्या बाबतीत ती चाळीस-चाळीस वर्षे तशीच राहते, जणू तो कधी मोठा झालाच नाही.

आणखी एक सबब नेहमी पुढे केली जाते. नाव लावले तर जमिनीचा तुकडा पडेल, आणि तुकडेबंदीचा कायदा आड येईल, असे सांगितले जाते. ही सबब खोटी आहे. तुकडेबंदीचा कायदा प्रमाण क्षेत्रापेक्षा लहान तुकडे पाडण्यास मनाई करतो. सामाईक क्षेत्रात सहहिस्सेदार म्हणून नाव लावण्यास मुळीच मनाई करत नाही. जमीन एकत्र कसावी, नावे मात्र सर्वांची असावीत.

मनाचे अपंगत्व

शरीराच्या अपंगत्वाने करार करण्याची पात्रता कमी होत नाही. अंध मनुष्य खरेदीखत करू शकतो, हातपाय नसलेलाही करू शकतो. मनाच्या बाबतीत करार अधिनियम, १८७२ असे म्हणतो की, करार करतेवेळी ज्यास व्यवहाराचा अर्थ व आपल्या हितावर होणारा परिणाम समजत नाही, त्याचा करार निरर्थक ठरतो. एरवी भ्रमिष्ट असलेला मनुष्य शुद्धीवर असताना करार करू शकतो. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ यानेही स्पष्ट केले आहे की, मानसिक आजार आहे एवढ्यावरून सक्षम न्यायालयाने ठरविल्याखेरीज कोणास विकल मनाचा समजता येणार नाही. पूर्वी कधी मानसोपचार घेतले होते, त्याचा कागद दाखवून भावाला 'वेडा' ठरवून नोंद करून घेण्याचा प्रकार या कायद्यापुढे टिकत नाही.

स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व व बहुविकलांगता या चार प्रकारांत सज्ञान व्यक्तीसाठीही पालक नेमता येतो. ही नेमणूक राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खालील स्थानिक स्तर समिती करते. समितीत जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी व एक अपंग व्यक्ती असते. पालकाने नेमणुकीपासून सहा महिन्यांत मिळकतीची यादी द्यावयाची असते आणि पुढे दरवर्षी हिशेब सादर करावयाचा असतो. 'मी त्याचा पालक आहे' असे नुसते म्हणणाऱ्या नातेवाइकाकडे हा नेमणुकीचा कागद मागावा. इतर प्रकारच्या अपंगत्वात, आवश्यक तो आधार देऊनही निर्णय घेणे शक्य नसेल तर, २०१६ च्या अधिनियमाच्या कलम १४ खाली जिल्हा न्यायालय किंवा नेमलेला प्राधिकारी ठराविक बाबीपुरता व ठराविक काळापुरता पालक देऊ शकतो. त्याने अपंग व्यक्तीशी विचारविनिमय करून निर्णय घ्यावयाचा असतो.

कसेल त्याची जमीन, आणि जो कसू शकत नाही त्याची?

'ज्याच्या हाती नांगर नाही त्याला जमीन कशाला' हा युक्तिवाद गावात अजूनही वजनदार ठरतो. म्हणून ज्या कायद्याने कसणाऱ्यास मालक केले, त्याच कायद्याने या प्रश्नाचे काय उत्तर दिले ते पाहणे उद्बोधक आहे. मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ (आता त्याच्या नावात 'महाराष्ट्र' हा शब्द आहे) पूर्व व पश्चिम खानदेशास, म्हणजे आजच्या जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांस लागू आहे. अजिंठ्याच्या डोंगरापलीकडे मराठवाड्यात १९५० चा आणि मलकापूरच्या बाजूस विदर्भात १९५८ चा वेगळा कायदा आहे, तेव्हा सीमेवरील गावांत सल्ला देताना घोटाळा करू नये.

या अधिनियमाने १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कसणारे कूळ जमिनीचे खरेदीदार मानले गेले. परंतु विधवा, अज्ञान मूल आणि शारीरिक वा मानसिक अपंगत्व असलेली व्यक्ती जमीनमालक असेल, तर कलम ३२-फ प्रमाणे कुळाचा खरेदीचा हक्क पुढे ढकलला गेला. अपंगत्व संपल्यापासून एक वर्षात मालकास कलम ३१ खाली जमीन परत मागता येते. त्याने ती मागितली नाही तर त्यानंतरच्या एका वर्षात कुळाने खरेदीची इच्छा मालकास व शेतजमीन न्यायाधिकरणास कळवावयाची असते. 'जातीने कसणे' याची व्याख्याही याच दृष्टीने केलेली आहे. सामान्य मालकाने स्वतः, कुटुंबीयांकडून किंवा आपल्या देखरेखीखाली मजुरांकडून कसले पाहिजे. अपंग मालकाने मात्र नोकर, मजूर किंवा कूळ यांजकडून कसून घेतले तरी तो जातीने कसतो असेच कायदा मानतो. आखाजीला सालदार ठेवून शेत करून घेणारा पांगळा खातेदार कायद्याच्या दृष्टीने पुरा शेतकरी आहे.

ही सवलत इतरांनी लाटू नये याचीही दक्षता घेतली गेली. एकत्र कुटुंबात एखादा अपंग आहे एवढ्यावरून सर्व जमिनीवरील कुळांचा हक्क थांबत नव्हता. ३१ मार्च १९५८ पूर्वी त्याचा हिस्सा सरस-निरस मानाने मोजून वेगळा झाला असला पाहिजे, आणि तो एकूण मिळकतीतील त्याच्या वाट्याहून अधिक नाही अशी मामलेदाराची खात्री झाली पाहिजे, अशी अट होती. कुळांकडील सर्व जमीन अपंग भावाच्या नावे दाखवून कुळांना वाटेला लावण्याचा मार्ग त्यामुळे बंद झाला. त्या काळी अपंग भावाचे नाव लावण्याची काही घरांना झालेली घाई आणि आज ते गाळण्याची वृत्ती, दोन्ही एकाच स्वार्थाच्या बाजू होत.

या तरतुदी जुन्या असल्या तरी इतिहासजमा झालेल्या नाहीत. मुदती केव्हा सुरू झाल्या यावर आजही प्रकरणे चालतात. विधवेच्या वारसाने तिचा हक्क संपल्याचे कुळास कळविले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली ठरविले. तसेच १९५७ नंतर नव्याने निर्माण झालेल्या कुळवहिवाटीसाठी कलम ३२-ओ आहे, व त्यात कुळास एका वर्षात खरेदीचा हक्क आहे. म्हणून अपंग मालकाने, आपल्याला सर्व काही माफ आहे असे समजून, तोंडी बोलीवर जमीन दुसऱ्यास कसावयास देऊ नये. तहसील कचेरीत विचारून मगच द्यावी. सालदार किंवा रोजंदारीने करून घेणे अधिक सुरक्षित.

नवीन जमीन आणि योजना

२०१६ च्या अधिनियमाच्या कलम ३७ प्रमाणे शेतजमीन व घरे वाटपाच्या योजनांत ५ टक्के आरक्षण अपंगांसाठी असून त्यात अपंग स्त्रियांना प्राधान्य आहे. गरिबी निर्मूलनाच्या व विकासाच्या योजनांतही ५ टक्के आहे. व्यवसाय वा उत्पादन केंद्रासाठी सवलतीच्या दराने जमीन दिली जाते तेथेही तितकेच आहे. येथे किमान ४० टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो. ग्रामपंचायतीनेही स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम अपंगांसाठी खर्च करावयाची असते. ग्रामसभेत तिचा हिशेब विचारावा.

शेतात काम करतानाच अपंगत्व आलेल्या शेतकऱ्यांची गोष्ट वेगळी नाही. मळणीयंत्रात हात गेला की, पुढच्या वाटणीत त्याला बाजूस सारले जाते. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेखाली एक हात, पाय किंवा डोळा गेल्यास १ लाख रुपये व दोन अवयव गेल्यास २ लाख रुपये मिळतात. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे करावयाचा असतो आणि तो अपघातानंतर ३० दिवसांत करावा. ही रक्कम अपंग झालेल्या शेतकऱ्याची आहे. तिच्या बदल्यात हक्कसोड मागणाऱ्या नातेवाइकास तसे मागण्याचा काहीही अधिकार नाही.

दस्ताच्या वेळी

शेवटी नोंदणीविषयी. दुय्यम निबंधकाची कचेरी पुष्कळ ठिकाणी वरच्या मजल्यावर असते आणि पांगळ्या पक्षकारास खांद्यावर उचलून नेलेले अनेकांनी पाहिले असेल. त्याची गरज नाही. नोंदणी अधिनियम, १९०८ याच्या कलम ३८ प्रमाणे, शारीरिक दुर्बलतेमुळे ज्यास धोका किंवा मोठा त्रास झाल्याशिवाय कचेरीत येता येत नाही, त्याच्या घरी निबंधकाने स्वतः गेले पाहिजे किंवा जबाबासाठी कमिशन काढले पाहिजे. त्यासाठी आधी अर्ज द्यावा व जमल्यास वैद्यकीय दाखला जोडावा. मुखत्यारपत्र करून दुसऱ्यास पाठविण्याचा सल्ला वारंवार दिला जातो. जमिनीच्या व्यवहारात तो शक्यतो मानू नये.

अंध पक्षकारास दस्त त्रयस्थ माणसाकडून, लाभधारक समोर नसताना, शब्दशः वाचून दाखवावा. क्षेत्र व चतुःसीमा दोनदा वाचाव्यात. कोणी वाचून दाखविला त्याचे नाव दस्तात लिहून त्याची साक्षीदार म्हणून सही घ्यावी, आणि नोंदणी झाल्यावर दस्ताची एक प्रत त्याच दिवशी त्या अंध व्यक्तीच्या स्वतःच्या हाती द्यावी.